कीटोतला जवळा: रेफ्युजियममधले बारीक जीव ओळखायचे कसे

खाऱ्या पाण्याची टाकी लावून तीन-चार महिने झाले की एका संध्याकाळी हे होतंच. सम्पच्या, म्हणजे मुख्य टाकीला जोडलेल्या खालच्या छोट्या टाकीच्या, कपाटाचं दार उघडता, तिच्यातल्या शेवाळाच्या कप्प्याचा, म्हणजे रेफ्युजियमचा, दिवा लागायला अजून वेळ असतो म्हणून मोबाइलचा टॉर्च मारता, आणि आत शेकडो बारीक काहीतरी सैरावैरा पळत असतं. काही काचेवर, काही कीटोच्या (कीटोमॉर्फा या समुद्री शेवाळाच्या) जटांमध्ये, एखादं पाण्यात अधांतरी. घाबरून फोटो काढता, दुकानात दाखवता. उत्तर येतं, "किडे झालेत, सगळं धुऊन टाका."

मी धुतलं होतं. पुण्यात, सिंहगड रोडच्या फ्लॅटमध्ये, बाथरूमच्या नळाखाली, कीटोचा अख्खा गोळा. बादलीच्या तळाशी तांदळाच्या कणीसारखा पांढरा थर साचला आणि मला वाटलं, चला, सुटलो. ती माझ्या टाकीची सफाईची पलटण होती हे कळलं पुढच्या दोन महिन्यांत, जेव्हा रेफ्युजियमच्या तळाशी गाळ साचत गेला आणि तो खायला कुणीच उरलं नव्हतं. तेव्हा आधी ओळख, मग काय ते.

रेफ्युजियम हा शब्दच नवा असेल तर थोडक्यात: मुख्य टाकीला जोडलेला, पण माशांना मज्जाव असलेला कप्पा. त्यात कीटोमॉर्फासारखं समुद्री शेवाळ आणि दगडांचे तुकडे ठेवतात. शेवाळ नायट्रेट आणि फॉस्फेट शोषतं, आणि खाणारा मासा नसल्यामुळे बारीक जीव निर्धास्त वाढतात. गर्दी दिसली म्हणजे कप्पा आपलं काम करतोय. हे जीव मिठाच्या पाकिटातून येत नाहीत आणि पाण्यात आपोआपही तयार होत नाहीत. ते येतात लाइव्ह रॉकच्या, म्हणजे बारीक जीव वस्तीला असलेल्या समुद्री दगडाच्या, भोकांतून, विकत आणलेल्या कीटोतून, दुसऱ्याच्या टाकीतल्या प्रवाळाच्या तुकड्याबरोबर.

सामान

फार काही लागत नाही. दहा पट मोठं दाखवणारं भिंग हवं, सोनार डोळ्याला लावतात तसं. सोन्या मारुती चौकाच्या आसपास सराफी कारागिरांची हत्यारं विकणाऱ्यांकडे विचारा. मोबाइलला चिमट्यानं लावायची मॅक्रो लेन्सही चालते, पण भिंगाची सवय झाली की ती कपाटात पडून राहते. औषधाच्या दुकानातला प्लास्टिकचा ड्रॉपर घ्या आणि त्याचं टोक कात्रीनं थोडं कापा, नाहीतर मोठे जीव आत शिरताना चेंगरतात. श्रीखंडाचा रिकामा पांढरा डबा, झाकणासकट. टॉर्चवर लावायला लाल जिलेटिन कागद. आणि मुलांच्या वहीतला आलेख कागदाचा एक तुकडा, डब्याखाली ठेवायला. त्याचे एक मिलिमीटरचे चौकोन हीच आपली मोजपट्टी.

पहिल्यांदा हात न लावता बघा

हे जीव अंधारात बाहेर पडतात. मुख्य टाकीतला अंधार रात्री असतो, पण बरेच जण रेफ्युजियमचा दिवा रात्रभर चालू ठेवतात. त्यांच्याकडे कप्प्यातली रात्र दिवसा असते. तेव्हा बघायची वेळ आपल्या टायमरवरून ठरवा: तो दिवा बंद होऊन तास-दीड तास झाला पाहिजे. टॉर्चला लाल कागद लावलेला असला की ते लगेच दडी मारत नाहीत.

रिटर्न पंप, म्हणजे सम्पमधलं पाणी परत मुख्य टाकीत चढवणारा, दहा मिनिटं बंद करा. पाणी वाहत असताना सगळेच वाहत असतात आणि कोण स्वतः पोहतोय ते कळत नाही. (आमच्याकडे गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज जाते, तेव्हा हे काम फुकटात होतं.) आता नुसतं बसा. फोटो काढू नका. नवख्यांची सगळ्यात मोठी चूक हीच की ते एक धूसर फोटो काढतात आणि त्यातल्या ठिपक्याचं नाव शोधत बसतात. यातले निम्मे जीव फोटोत सारखेच दिसतात, चालीत मात्र एकही दुसऱ्यासारखा नाही. रंगावर तर मुळीच जाऊ नका, तो पुष्कळदा खाल्लेल्या शेवाळाचा असतो.

काचेवर पांढरे ठिपके थोडं सरकतात, थांबतात, पुन्हा झटक्यानं सरकतात: कोपेपॉड. कीटो हलवला की वाकडं अंग करून, एका कुशीवर घसरत दुसऱ्या जटेत घुसतात: अँफिपॉड. पाण्याच्या मध्यावर घारीसारखे तरंगत राहतात, तेही टोळीनं: मायसिड. काचेवर कोळ्यासारखे लांब पायांनी संथ चालतात, किंवा दगडाला चिकटून सपाट सरपटतात: आयसोपॉड. तिळाएवढी गोटी गरगरत गेली तर ऑस्ट्राकॉड. एवढ्यावर बहुतेक गर्दीची वाटणी होते.

मग एकेकाला बाहेर काढा

ड्रॉपरनं एक जीव टाकीच्याच पाण्यासकट उचला आणि डब्याच्या झाकणात सोडा. नळाचं पाणी एक थेंबही नको, आरओचंही नको. गोडं पाणी यांना मारतं. उन्हाळ्यात पंख्याखाली झाकणातलं थोडंसं पाणी बघता बघता आटतं आणि खारटपणा वाढतो, म्हणून दहा-पंधरा मिनिटांत आटपा. फारच पळापळ करत असेल तर झाकण बर्फाच्या पाण्याच्या ताटलीवर दोन मिनिटं टेकवा. गारव्यानं तो मंदावतो.

आता खरी परीक्षा. टिश्यू पेपरच्या कडेनं पाणी टिपत जा, इतकं की जीव जेमतेम भिजलेला राहील. जो कुशीवर आडवा पडतो आणि तसाच गोल गोल फिरतो, तो अँफिपॉड. त्याचं अंग दोन्ही बाजूंनी दाबल्यासारखं चपटं असतं, पाण्याचा आधार गेला की त्याला उभं राहता येत नाही. जो पोट टेकवून नीट चालत राहतो तो आयसोपॉड. त्याचं अंग वरून खाली दाबलेलं. कुंडी उचलली की खाली सापडणारे, हात लावला की गोळी होणारे ते करडे किडे आठवा, तेही आयसोपॉडच. एक उभा चपटा, एक आडवा चपटा. पाहून झालं की लगेच चार थेंब पाणी घाला.

अँफिपॉड: ज्यांना सगळे कोळंबीची पिल्लं म्हणतात

भिंगातून बघितलं तर हा स्वल्पविरामासारखा वाकलेला दिसतो. दोनपासून दहा मिलिमीटरपर्यंत, क्वचित मोठा. पाठीवर कोळंबीसारखं अखंड कवच नाही. डोक्यापासून शेपटीपर्यंत एकामागे एक कड्या. डोळे देठावर नाहीत, डोक्यातच बसवलेले. समोर मिशांच्या दोन जोड्या, दोन्ही नीट दिसतील एवढ्या. पुढच्या पायांच्या दोन जोड्यांना छोटे आकडे, मागचे काही पाय पुढे वळलेले, काही मागे. 'अँफि' म्हणजे दोन्हीकडचे. नाव त्यावरूनच पडलं. कोकणात भरतीनं आणून टाकलेल्या शेवाळाखाली पाय घातला की टणाटण उडतात ते याचेच नातेवाईक.

माझ्याकडे एकदा मोठा अँफिपॉड एका लहान अँफिपॉडला पोटाशी धरून पळताना दिसला. मला वाटलं, खातोय. भिंग लावून अर्धा तास बघत बसलो. खात कसला, छोटीला नुसतं घट्ट धरून कीटोच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत मिरवत होता. तो नर होता. मादी कात टाकेपर्यंत नर तिला असा धरून ठेवतो, कारण मिलन तेव्हाच होतं. नंतर मादीच्या पोटाखालच्या पिशवीत अंडी दिसतात, आणि त्यातून निघणारी पिल्लं आईबापांच्याच आकाराची, फक्त चिमुकली. मधल्या अळ्यांच्या अवस्था नाहीत. म्हणूनच माशांपासून सुरक्षित कप्प्यात यांची संख्या इतक्या लवकर फुगते.

खातात काय? गाळ, सडकं शेवाळ, उरलेलं अन्न. मेलेल्या माशाभोवती किंवा सुकत चाललेल्या प्रवाळावर झुंड दिसली की लोक यांनाच खुनी ठरवतात. बहुतेक वेळा ते मर्तिकाला जमलेले असतात.

मायसिड, आणि मावशीचं निदान

रत्नागिरीची मावशी राहायला आली होती. तिनं कपाटात डोकावून पाहिलं आणि म्हणाली, "अरे, हा तर जवळा! डोळे बघ की त्याचे." तिचं नाव चुकलं, लक्षण मात्र बरोबर होतं. वाळवलेल्या जवळ्याच्या ढिगात जसे काळे डोळे मोहरीसारखे उठून दिसतात, तसेच मायसिडचे दिसतात: काचेसारखं आरपार अंग आणि देठावर बसलेले दोन काळे डोळे. आपला बाजारातला जवळा ही खरी कोळंबी-कुळातली जात, मायसिड वेगळ्या गटातला. पण अँफिपॉड आणि मायसिड यांतला फरक सांगायला मावशीची नजर पुरते. डोळे बाहेर आलेले असतील तर अँफिपॉड नक्की नाही.

पक्की खूण शेपटीत आहे. शेपटीच्या पंख्याच्या आतल्या दोन पाकळ्यांच्या बुडाशी एकेक चकचकीत गोल बिंदू दिसतो, बारीक मण्यासारखा. तो त्याचा तोल सांभाळणारा अवयव. हे दोन मणी दिसले की वाद संपला. मायसिड प्रवाहाकडे तोंड करून जागच्या जागी तरंगतात आणि ड्रॉपर जवळ आला की शेपटीचा फटका मारून मागे उडी घेतात. पकडताना ड्रॉपर समोरून दाखवा आणि मागे छोटी जाळी धरा. आपण माशांना बर्फातला मायसिस खाऊ घालतो तो हाच गट. घरी फुकट तयार होत असेल तर धुऊन टाकणारे आपण कोण?

एक गफलत मात्र होते. टाकीत क्लीनर किंवा पेपरमिंट कोळंबी असेल तर तिची पिल्लं रात्री सुटतात आणि ओव्हरफ्लोतून सम्पमध्ये येतात. तीही आरपार, तीही देठाच्या डोळ्यांची. पण ती नीट एका दिशेला पोहत नाहीत, हेलकावे खात उजेडाकडे जमतात, आणि चार-आठ दिवसांत नाहीशी होतात. मायसिड महिनोन्महिने राहतात.

कोपेपॉड

अर्ध्या ते दोन मिलिमीटरचे. नुसत्या डोळ्यांना रव्याचा कण. काचेवर रांगणारे ते हार्पॅक्टिकॉइड: पुढे रुंद, मागे निमुळते, शेवटी दोन केस. पाण्यात झटके देत पोहणारे, अंगाएवढ्या लांब मिशांचे ते कॅलॅनॉइड. मादीच्या मागे अंड्यांची पुरचुंडी लोंबते आणि ती भिंगातून फार सुरेख दिसते. नवीन माणसाला हा हौसेचा नाद लावायचा असेल तर मी त्याला पहिल्यांदा हेच दाखवतो.

नाव परकं असलं तरी या कुळाशी आपली जुनी ओळख आहे. नारूचा रोग ज्याच्यामुळे व्हायचा तो सायक्लॉप्स म्हणजे पायविहिरींच्या गोड्या पाण्यातला कोपेपॉड. पाणी फडक्यानं गाळून प्या असं सांगत ते त्याच्यासाठी. भारत २००० साली नारूमुक्त जाहीर झाला. टाकीतल्या खाऱ्या कोपेपॉडांचा त्या रोगाशी संबंध नाही, पण डोक्याच्या मधोमध एकच डोळा, ही घराण्याची खूण मात्र तीच.

मँडरिन मासा दिवसभर हेच टिपत फिरतो. चार ठिपके दिसले म्हणून लगेच तो आणू नका. टाकी किमान सहा महिने, शक्यतो वर्षभर मुरू द्या.

बाकीचे पटकन. ऑस्ट्राकॉड म्हणजे दोन शिंपल्यांत बंद झालेला तीळ, फटीतून पाय हलवणारा. टॅनेड बारीक शेवईच्या तुकड्यासारखा, पुढे दोन नांग्या, गाळाची नळी करून आत राहतो. कॅप्रेलिड म्हणजे काडीकिड्याला नमस्कार करायला शिकवलं तर जसा दिसेल तसा. मागच्या पायांनी शेवाळाला धरून उभा राहतो आणि वाकत राहतो. तो अँफिपॉडांपैकीच आहे हे आकारावरून कुणालाच पटत नाही. नेबेलिया पुढून शिंपल्यात झाकलेला, मागून बारीक दुभंगलेली शेपूट, डोळे बऱ्याचदा लाल. उष्ट्या अन्नावर तुटून पडतो. सगळे निरुपद्रवी.

ज्याच्याकडे संशयानं बघायचं तो

आयसोपॉडांतले सगळे वाईट नाहीत. काचेवर कोळ्यासारखा चालणारा दोनेक मिलिमीटरचा मुनिड गरीब. गोळी होणारे स्फेरोमॅटिड दगडावरचं शेवाळ खातात. भीती आहे ती सिरोलॅनिडची. तो माशाला चिकटतो, रक्त-मांस खातो आणि पुन्हा दगडात जाऊन लपतो.

त्याची ओळख: टपोरे काळे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना, नितळ लांबट अंग, आणि पोहणं सरळ रेषेत, सुसाट. मुनिड पोहायचा कंटाळा करतो, अँफिपॉड वाकडातिकडा जातो, हा बाणासारखा जातो. शंका असेल तर एका छोट्या बाटलीच्या झाकणाला तीन-चार मिलिमीटरची भोकं पाडा, आत कच्च्या कोळंबीचा नखाएवढा तुकडा टाका आणि अंधारात तळाशी ठेवा. सकाळी बाटलीत अँफिपॉड असणारच, ते बोलावल्याशिवायही येतात. त्यांत एखादा आडवा चपटा, टपोऱ्या डोळ्यांचा निघाला तर मात्र माशांची अंगं तपासा. एक सापडला म्हणजे एकच आहे असं समजू नका. सापळा रोज लावत राहा. माशांवर जखमा दिसत असतील तर मासे दुसऱ्या टाकीत हलवून ही टाकी काही महिने माशांविना ठेवण्यावाचून उपाय नाही. औषधाच्या बाटलीकडे हात नेऊ नका: जे औषध याला मारेल ते अँफिपॉड, कोपेपॉड आणि तुमची हौसेची कोळंबी, सगळ्यांना मारेल.

दुसरा पाहुणा म्हणजे मँटिस श्रिम्पचं पिल्लू. पुढचे पाय खंडोबाच्या किड्यासारखे घडी घातलेले, देठावरचे डोळे एकेकटे फिरणारे. रात्री टाकीतून टक् असा आवाज आला तर तो किंवा पिस्टल श्रिम्प. सापडला तर मारायची गरज नाही, वेगळ्या बरणीत ठेवा. आमच्यापैकी एकानं तर त्याच्यासाठी स्वतंत्र टाकी लावली.

अलिबाग-हरिहरेश्वरला गेलो की कॅन भरून समुद्राचं पाणी आणि दोन दगड आणायचा मोह होतो. दगडाबरोबर सिरोलॅनिड फुकट येऊ शकतो. आणि दगडावर जिवंत प्रवाळ असेल तर तो उचलणं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे.

ओळख पटल्यावर

बहुतेक वेळा काहीच करायचं नाही. कीटो छाटताना गोळा टाकीच्याच पाण्याच्या बादलीत झटका आणि बादली मोरीत न ओतता परत रेफ्युजियममध्ये ओता. एका कोपऱ्यात लिंबाएवढ्या दगडांचा ढीग रचा, फटींमध्ये अंडीधारी माद्या राहतात. मुख्य टाकीत पाठवायचे असतील तर दिवे आणि पंप बंद करून मूठभर कीटो दगडांमध्ये खोचा आणि सकाळी काढून घ्या.

आणि एखादा कुठल्याच वर्णनात बसला नाही, तर फोटोऐवजी आलेख कागदावर दहा सेकंदांचा व्हिडिओ घ्या, एकदा वरून, एकदा बाजूनं. मग तो जीव कीटोच्या दोन धाग्यांसकट काचेच्या छोट्या बरणीत ठेवा. मी असाच एक ठेवला होता. तिसऱ्या सकाळी तो तळाशी निपचित, पांढरा, पाय पसरलेला. हळहळ वाटली. ड्रॉपरनं उचलायला गेलो तर तो हलकाच तरंगून वर आला, पाठीवर उभी चीर, आत काही नाही. मालक कीटोच्या मागे बसून मिशा साफ करत होता. रेफ्युजियममध्ये असं पांढरं काही तरंगताना दिसलं की आधी ड्रॉपरनं ढोसून पाहा. पोकळ निघाली तर ती कात.